बोअरचं पाणी, सेप्टिक टँक आणि मालकीणबाई: डोंगरातल्या घरगुती आरव्ही कॅम्पग्राउंडवर राहताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसहून विमानाने डेन्व्हरला यायचं, तिथे २८ फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची. सोबत नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या ब्यूना व्हिस्टा गावाच्या बाजूला अ‍ॅस्पेनची सोनेरी झालेली झाडं पाहायची. राहायला मोठं रिसॉर्ट नको, एका कुटुंबाने चालवलेलं छोटं कॅम्पग्राउंड, म्हणजे अशा गाड्या लावून राहायची जागा, मनात भरलंय. पण त्यांची वेबसाइट जुनाट, फोटो मोजून चार, बुकिंग फक्त फोनवर. वयस्कर माणसांना घेऊन तिथे जावं का?

जावं, असं मी मनापासून सांगेन. गाडीमागे ओढायची आमची २४ फुटी ट्रेलर घेऊन आम्ही तेरा वर्षं कोलोरॅडोत फिरतोय आणि त्यातल्या बहुतेक रात्री अशाच ठिकाणी काढल्या आहेत. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात असू द्या. हे हॉटेल नाही, ते कोणाचं तरी घर आहे. तीस-चाळीस गाड्यांची जागा असते, मालक-मालकीण तिथेच राहतात, उन्हाळ्यात एखादं निवृत्त जोडपं जागेच्या मोबदल्यात ऑफिस आणि साफसफाई सांभाळतं. गावाची हद्द मागे राहिलेली असते. त्यामुळे नगरपालिकेचा नळ नाही आणि भुयारी गटारही नाही. पाणी येतं बोअरमधून, घाण जाते सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून झिरपत जमिनीत. आपल्याकडे शेतातल्या बंगल्यावर असतं तसंच, फक्त इथे एकाच वेळी शंभर माणसं उतरलेली असतात. तिथल्या ज्या नियमांनी पाहुणे वैतागतात, त्यातले निम्मे या बोअरमधून आणि सेप्टिक टँकमधून आलेले असतात.

वेबसाइट जुनाट आहे म्हणून जागा वाईट, असं मुळीच नाही. ज्यांची सकाळ पंप दुरुस्त करण्यात आणि संध्याकाळ सरपण विकण्यात जाते, ते वेबसाइटकडे कधी बघणार? फोन मात्र करा, आणि सविस्तर बोला. संध्याकाळी चार ते सात गाड्या येण्याची वेळ असते, तेव्हा करू नका. सकाळी दहा-अकराला त्यांना सवड असते. गाडीची पूर्ण लांबी सांगा. मागे सायकलचा रॅक असेल तर तो धरून सांगा. ‘मोठी आहे’ म्हणून भागत नाही, कारण जुन्या कॅम्पग्राउंडवरच्या जागा छोट्या ट्रेलरच्या काळात आखलेल्या असतात आणि पाइनची झाडं वळणावर अगदी रस्त्यालगत असतात. आरव्ही चालवायची तुमची पहिलीच वेळ असेल तर तेही मोकळेपणाने सांगा आणि ‘पुल-थ्रू’ जागा मागा, म्हणजे एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, रिव्हर्स घ्यावी लागत नाही. जमीन कितपत सपाट आहे तेही विचारा. गाडी तिरकी उभी राहिली तर झोप तर येत नाहीच, पण गॅसवरही चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर तो धड थंड करत नाही आणि खराबही होऊ शकतो. चाकांखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे भाड्याच्या गाडीसोबत मिळतात का, ते कंपनीला आधीच विचारून ठेवा.

तुमच्या तारखांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: पाणी कुठल्या तारखेपर्यंत चालू असतं? ब्यूना व्हिस्टा जवळपास ८,००० फुटांवर आहे. सप्टेंबर संपता संपता पहाटे पारा शून्याला टेकू शकतो. काही मालक ऑक्टोबर लागताच जागेवरचे नळ बंद करून पाइप रिकामे करतात. शेवटच्या आठवड्यात ‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही मिळेल का, की पाणी आधी टाकीत भरून न्यावं लागेल, हे फोनवरच पक्कं करून घ्या. दर आमच्या भागात अशा जागेला रात्रीचे साधारण ५० ते ८० डॉलर असतो. रोखीने किंवा चेकने दिल्यास काही जण थोडे कमी घेतात.

या नळांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण एकदा नुकसान आमच्या हातून झालं आहे. डोंगरातले नळ खास बनावटीचे असतात. त्यांचा व्हॉल्व्ह वर नसतो, जमिनीखाली, गोठण्याच्या पातळीच्याही खाली असतो. नळ बंद केला की वरच्या उभ्या पाइपातलं पाणी आपोआप खाली निथळून जातं, म्हणून थंडीत तो फुटत नाही. पण त्याला आपला होस पाइप जोडलेला राहिला तर ते पाणी निथळत नाही, आत अडकतं, गोठतं आणि फुगून नळ फोडतं. आमच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरमध्येच, आम्ही पाइप तसाच ठेवून झोपलो. सकाळी पाइप काठीसारखा ताठ झाला होता आणि नळाला चीर गेली होती. मालक सत्तरीचे. कडाक्याच्या थंडीत गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन तास खणलं. पैसे घ्यायला तयार झाले नाहीत. ‘पुढच्या वेळी संध्याकाळीच काढा’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून आम्ही दुपारी गाडीची पाण्याची टाकी अर्धी भरून घेतो, अंधार पडायच्या आत पाइप काढून, पाणी झटकून, गुंडाळून आत ठेवतो आणि रात्रभर गाडीतल्या पंपावर काम चालवतो. लाइट गेली की बोअरचा पंप बंद पडतो आणि अख्ख्या कॅम्पग्राउंडचं पाणी जातं. तेव्हाही ही अर्धी टाकी कामाला येते.

पाइप पिण्याच्या पाण्याचा, पांढरा किंवा निळा, असा वेगळा हवा. बागेचा हिरवा चालत नाही. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावा. डोंगरउतारावर कॅम्पग्राउंडची पाण्याची टाकी उंचावर असली तर खालच्या जागांना दाब फार येतो आणि आरव्हीतले बारीक पाइप त्याने फुटतात.

आता सेप्टिक टँक आणि आपला स्वयंपाक. आरव्हीत दोन टाक्या असतात. संडासाची ती ब्लॅक टँक, सिंक आणि अंघोळीची ती ग्रे टँक. फुल हुकअप असलं की लोक दोन्हीचे व्हॉल्व्ह उघडे सोडून मोकळे होतात. ग्रेचा उघडा ठेवलात तर एक वेळ चालेल, ब्लॅकचा कधीही नाही. उघडा राहिला की पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ टाकीत साचून त्याचा ढीग होतो. तो काढणं फार त्रासाचं असतं. ब्लॅक टँक दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम सोडायची, तिच्या मागोमाग ग्रे सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पाच माणसांत ही वेळ तीन-चार दिवसांत येते. हातमोजे घाला. सासू-सासऱ्यांना संडासात पाणी वापरायची सवय आहे, त्याची काळजी करू नका. जास्त पाणी गेलं तर टाकीला बरंच असतं. ओले वाइप्स मात्र, पाकिटावर काहीही छापलेलं असो, आत टाकायचे नाहीत. संडासासाठीचं रसायन घेताना फॉर्माल्डिहाइड नसलेलं घ्या. ते आणि ब्लीच सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात, आणि ते जिवाणू मेले की टँक काम करत नाही. गावात यासाठी सांडपाणी केंद्र असतं, इथे सगळा भार या मुक्या जिवाणूंवर आहे.

स्वयंपाकात खरा प्रश्न तेलाचा. पुऱ्या किंवा भजी तळली तर उरलेलं तेल, भाजीचा तवंग, वरणाचा तळ, काहीही सिंकमध्ये ओतू नका. थंडीत ते पाइपातच गोठतं, आणि सेप्टिक टँकमधून पुढे जाऊन जमिनीत पाणी मुरवणाऱ्या चाऱ्या बुजवतं. ती चारी बुजली की पुन्हा खणावी लागते आणि छोट्या कुटुंबाचा एका हंगामाचा नफा त्यात जातो. आम्ही ताट-कढई आधी कागदाने कोरडी पुसतो, खरकटं आणि चहाचा चोथा पिशवीत बांधतो, मगच भांडी धुतो. तेल बरणीत भरून घरी परत आणतो.

आरव्हीत फोडणी दिली की स्मोक अलार्म हमखास वाजतो. छताचा पंखा आणि एक खिडकी आधी उघडा. हवा बरी असेल तर बाहेरच्या टेबलावर गॅसची शेगडी लावणं उत्तम. वणव्याच्या भीतीमुळे कोरड्या हंगामात शेकोटीवर बंदी येते. बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी तेव्हाही सहसा चालते, तरी मालकांना विचारल्याशिवाय पेटवू नका. लाकडं घरून आणू नका, तिथेच विकत घ्या. दूरच्या लाकडांतून झाडं पोखरणारे किडे या जंगलात येतात.

इतक्या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळतं. म्हणजे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसाल तर जेवण रात्री दहाला होईल. कुकर न्या, आणि घरी तीन शिट्ट्या लागत असतील तर इथे पाच-सहा धरा. डाळ सकाळीच भिजत घाला. चहाही जास्त वेळ उकळावा लागतो, आणि तो लवकर गारही होतो.

विजेचं गणित सोपं आहे पण चुकतं. भाड्याच्या क्लास सीला बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. खोली गरम करायचा छोटा हीटर १,५०० खातो, पाण्याचा गिझर विजेवर असला तर १,४०० च्या आसपास, आणि त्यात मायक्रोवेव्ह लावला की बटण पडतं. इलेक्ट्रिक कुकर लावायचा तर हीटर बंद. विजेच्या खांबाला गाडी जोडताना मध्ये सर्ज प्रोटेक्टर घाला, व्होल्टेज दाखवणारा असेल तर फारच छान. जुन्या कॅम्पग्राउंडवर सगळ्यांनी एकदम हीटर लावले की व्होल्टेज खाली येतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाचा गॅस पेटता ठेवून झोपायचं नाही, कधीही. गाडीतली फर्नेस, म्हणजे गाडी गरम ठेवणारी भट्टी, त्यासाठीच आहे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म चालू आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच बटण दाबून पाहा.

सासू-सासऱ्यांविषयी. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढं. महाराष्ट्रात कळसूबाईहून उंच जागाच नाही. आणि तुम्ही त्यांना डेन्व्हरच्याही वर अडीच-पावणेतीन हजार फूट झोपायला नेणार आहात. म्हणून विमानातून उतरल्यावर लगेच वर जाऊ नका. दोन रात्री डेन्व्हरला काढा. गाडी तिसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे भाडंही वाचेल. रक्तदाबाची, हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. हवा इतकी कोरडी असते की तहान लागत नाही आणि पाणी कमी पडतं. बाटली भरून त्यांच्या हाताशी ठेवा. पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप तुटणं होतं. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ वाटला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. रुग्णालय सलायडाला आहे, ब्यूना व्हिस्टापासून साधारण २५ मैलांवर. कॅम्पग्राउंडवर मोबाइलला रेंज असतेच असं नाही, म्हणून ऑफिसमधला लँडलाइन रात्री वापरता येतो का आणि मालकांचं दार कुठलं, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा. आमच्या शेजारच्या गाडीतल्या आजोबांना रात्री दोनला मालकीणबाईंनीच स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात नेलेलं मी पाहिलं आहे. वयस्कर माणसांना घेऊन जाताना मी अशी जागा निवडते ती याचसाठी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आरव्ही एकदा लावली की तीच तुमची खोली होते. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं, दूध आणायचं, तर दर वेळी वीज-पाणी सोडून सगळं आवरून निघावं लागतं. डेन्व्हरमधले नातेवाईक किंवा मित्र येणार असतील तर त्यांना साधी गाडी घेऊन यायला सांगा. नसतील तर एक छोटी गाडीही भाड्याने घ्या आणि ती तुमच्यापैकी एकाने चालवा. सासऱ्यांना दिवसभर आरव्हीत बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं पडतं.

अस्वलं येतात का, असं सासूबाईंनी विचारलंय. येतात. कोलोरॅडोत फक्त काळं अस्वल आहे, ग्रिझली हे मोठं तपकिरी अस्वल नाही. ते माणसाला घाबरतं, पण शरद ऋतूत हिवाळ्यातल्या लांब झोपेआधीची चरबी साठवायला दिवसाचे वीस वीस तास खात असतं, २०,००० कॅलरींपर्यंत. कुलर, चिवड्याचा डबा, तुपाची बरणी, कुत्र्याचं खाणं, काही काही बाहेर ठेवायचं नाही. शेगडी पुसून आत घ्यायची, खिडक्या-दारं लावायची. कचरा रात्री गाडीच्या पायरीशी न ठेवता संध्याकाळीच कुलुपाच्या पेटीत टाकायचा. मालक याबाबत कडक बोलले तर मनाला लावून घेऊ नका. माणसांच्या अन्नाला सोकावलेलं अस्वल शेवटी बहुधा मारलं जातं, आणि त्यांनी ते पाहिलेलं असतं.

शेजाराचे रिवाज थोडे आहेत. रात्री दहानंतर शांतता, जनरेटर नाही. दुसऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही, मोकळी दिसली तरी. तेवढी जमीन त्या रात्रीपुरती त्यांचं अंगण असते. चार वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच संध्याकाळी हात धरून दाखवा. येणं रद्द होणार असेल तर जितक्या लवकर कळेल तितक्या लवकर फोन करा. तीस जागांपैकी एक रिकामी राहिली तर ते त्या घराला जाणवतं, आणि अ‍ॅस्पेनच्या आठवड्यात त्या जागेसाठी दहा जण थांबलेले असतात. गेल्या काही वर्षांत अशी कितीतरी ठिकाणं मालक थकले म्हणून मोठ्या कंपन्यांकडे गेली. जी उरली आहेत ती टिकावीत असं मला फार वाटतं.

रस्ता. डेन्व्हरहून २८५ क्रमांकाचा महामार्ग धरा. बेली गावाच्या आधी क्रो हिलचा तीव्र उतार आहे, मग १०,००० फुटांची केनोशा खिंड, पुढे साउथ पार्कचं विस्तीर्ण पठार, ट्राउट क्रीक खिंड आणि मग ब्यूना व्हिस्टा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. केनोशावर गाडी रडत चढेल, चढू द्या, मागच्यांना वाट द्या. उतारावर खंडाळ्याच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ते तापून निकामी होतात. केनोशावर पिवळ्याधमक अ‍ॅस्पेनसाठी शनिवार-रविवारी रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात, २८ फुटी गाडी थांबवायला जागा उरत नाही. मंगळवार-बुधवारी जा, सकाळी नऊच्या आत. शेवटचा एक-दोन मैलांचा रस्ता मात्र फोनच्या नकाशावर सोडू नका. तो जवळचा म्हणून मातीची, अरुंद पुलाची वाट दाखवतो. मालकांना विचारा, ते खुणेसकट सांगतात. उजेड असेपर्यंत पोचा.

निघायच्या सकाळीही आधी ऑफिसात जा. एका सप्टेंबरात आम्ही सात वाजता सगळं आवरून, टाक्या रिकाम्या करून निघायला तयार होतो. मालकीणबाई म्हणाल्या, ट्राउट क्रीकवर रात्री बर्फ पडलाय, दहाच्या आत हलू नका. आम्ही त्यांच्या स्टोव्हजवळ बसलो. मी डब्यातले बेसनाचे लाडू काढले, त्यांनी कॉफी केली, आणि मला ते कसे करतात ते लिहून द्यायला लावलं. साडेदहाला वरून आलेल्या एका ट्रकवाल्याला त्यांनी हात करून थांबवलं आणि रस्त्याचं विचारलं. रस्ता नुसता ओला आहे, बर्फ वितळलाय, असं तो म्हणाला. मग आम्ही निघालो.